मधातला आवळा

"मॅडम, एक तर आत या, न्हाईतर बाहेर जा. हिरडा भिजून राह्यला माझा!"

त्याचं मला उद्देशून हे पहिलं वाक्य. यात प्रेमाबिमाचं काही आहे असं कुणालाच वाटणार नाही. मलाही वाटलं नाही. भाद्रपदातली सर अचानक आली होती, जुन्या जालन्याच्या त्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर अडकल्या होत्या, आणि छत्री नसल्यामुळे मी दिसेल त्या दुकानाच्या पायरीवर चढले होते. पायरीवर म्हणजे नेमकी दारात. दोन्ही बाजूंना गोण्या. त्यातली एक आत ओढायला बघणारा तो – बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, भुवयांवर कसलीशी भुकटी – आणि मध्ये मी, खांबासारखी.

मी रागाने खाली उतरणारच होते. पण गोणीच्या तोंडातून दोन हिरडे घरंगळले, मी वाकून उचलले, आणि मग का कोण जाणे, गोणीचं दुसरं टोक धरलं.

"अहो, राहू द्या तुम्ही –"

"भिजून राह्यलाय ना तुमचा हिरडा? मंग उचला."

पाच गोण्या आत घेतल्या आम्ही. पाचवीला त्याला हसू आलं. दात नाही दिसले, नुसते डोळे बारीक झाले. मी ओढणीने तोंड पुसायचं निमित्त करून भिंतीकडे वळले.

भिंतीला छतापर्यंत लाकडी खण. काष्ठौषधीचं दुकान होतं ते. वाळलेली फळं, साली, मुळ्या, बिया. आणि वास... तुरट, जरासा कडू, जुन्या पुस्तकासारखा. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते, वनस्पतिशास्त्राला. हसनाबादहून येऊन दैवशालामावशीकडे राहत होते. परीक्षेला वीस औषधी फळांचा संग्रह मांडायचा होता, त्यातली सात जमली होती. आत सभोवार पाहिलं, तर उरलेली तेराच्या तेरा पोत्यांतून माझ्याकडे बघत होती.

"टर्मिनालिया चेब्युला आहे का?" मी जरा ऐटीत विचारलं.

"कोण?"

"चेब्युला."

"चेब्युला..." त्याने खणांवरून बोट फिरवलं. "न्हाई बा. अशी कुणी राहत न्हाई आमच्याकडं."

"अहो, आत्ता आपण पाच गोण्या आत घेतल्या ती! हिरडा!"

"मंग हिरडा म्हणा ना. आई-बापांनी इतकं साधं नाव ठेवलं त्याचं." त्याने मूठभर हिरडे काउंटरवर टाकले. "घ्या निवडून. अस्सल कुठला, नकली कुठला, सांगा बरं. कॉलेजात शिकवलं असेल ना?"

शिकवलं नव्हतं. त्याने स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि एकेक हिरडा सोडला. जो तळाला जाईल तो भरीव, औषधाचा. जो तरंगेल तो पोकळ.

"बुडेल तो चांगला," तो म्हणाला.

"माणसांचं उलट असतं."

"तुम्ही किती बुडालेली माणसं पाह्यलीत?"

मी आणखी एक हिरडा पेल्यात सोडला. बाहेर पाऊस थांबला होता, आणि ते आम्हा दोघांनाही जरा उशिरा कळलं.

त्याचं नाव मयंक. दुकान त्याच्या वडिलांचं. वडील बहुतेक वेळ मोंढ्यातल्या आडतीवर असत, इथे हा. तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घराणं. घरात मारवाडी, दुकानात आमच्यासारखंच 'करून राह्यलो, जाऊन राह्यलो'.

तेरा फळं एका दिवसात घेता आली असती. मी एकेक घेतलं. एका शनिवारी बेहडा, पुढच्या शनिवारी बेलगीर, म्हणजे कच्च्या बेलफळाच्या वाळवलेल्या चकत्या. मग जांभळाच्या बिया, मुरुडशेंग, सागरगोटा. तो कागदाची पुडी बांधायचा, वर पेन्सिलीने नाव लिहायचा, आणि दोऱ्याची गाठ दातांनी तोडायचा. मी ती पुडी मावशीकडे नेऊन वासासाठी दहा वेळा उघडायचे. मावशीला हे सगळं दिसत होतं.

"कवठाचा गर फुकट दिला म्हणं?" मावशी म्हणाली. "आवळा देऊन कोहळा काढून राह्यला तो पोरगा. ध्यान ठेव."

"मावशी, अभ्यासासाठी जाते मी!"

"बराबर. म्हणून तर नवी ओढणी घालून अभ्यासाला जाती."

एके दिवशी पुडी देताना त्याने विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील?" मग स्वतःच दचकला. "...याल?"

"पहिलंच बरं होतं," मी म्हणाले, आणि पायऱ्या उतरले. गल्लीच्या टोकापर्यंत मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. अर्ध्यात वळले. तो दारात उभा होता, एका गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात उलटी धरून.

दुकानामागे त्यांचं अंगण होतं. तिथे हिरडे-बेहडे वाळत पडायचे आणि कडेला एक मोठा आवळा होता. कार्तिकात आवळीभोजनाला झाडाखाली जेवायचं असतं. आता जुन्या जालन्यात घरोघरी आवळे कुठून आणायचे? म्हणून गल्लीतल्या बायका डबे घेऊन या अंगणात यायच्या. सण आमचा आणि झाड त्यांचं. मयंकची मम्मी, राजकुमारीबाई, स्वतः पूजेला बसत नसत. पण सतरंज्या त्याच अंथरायच्या, ताकाचा हंडा भरून ठेवायच्या, आणि "बेटा, तू घेतलं का? तू?" करत पंगतीतून फिरायच्या. त्यांना भुकटीचा खोकला होता, वर्षानुवर्षांचा. वाकल्या की ढास लागायची.

मी त्या दिवशी हसनाबादहून एक बरणी आणली होती. आमच्या बांधावर बारा आवळे आहेत. शिवाय माझे वडील तातेराव कांदा-बियाण्याच्या प्लॉटसाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. त्यामुळे आमच्याकडे आवळा साखरेत नाही, मधात मुरवतात. वर्षभर मुरलेला, काळाभोर, बोटाने तुटेल असा. खोकल्याला त्याच्यासारखं काही नाही. घरात आम्ही त्यालाही मोरावळाच म्हणतो.

"मोरावळा?" राजकुमारीबाईंनी बरणी उजेडात धरली.

"हो. आईच्या हातचा. तुमच्या खोकल्यासाठी."

त्यांनी तिथल्या तिथे एक तोंडात टाकला. डोळे मिटले. "अच्छा आहे गं पोरी! असा तर मी कधीच खाल्ला न्हाई."

मी हवेत होते. मयंक झाडाला टेकून माझ्याकडे बघत होता. मग त्याने बरणी हातात घेतली, झाकण उघडलं, जरा वेळ तसाच उभा राहिला... आणि झाकण लावून टाकलं. मला वाटलं, माझ्यामुळे गोंधळलाय. किती शहाणी होते मी!

जाताना त्याने ताकाचा पेला माझ्या हातून घेतला. बोटं लागली. "वीस झाली का गं तुझी फळं?"

"अठरा."

"मोजू नकोस जास्त," तो म्हणाला. "वीस झाली की मी काय करायचं?"

खोकला खरंच कमी झाला. राजकुमारीबाई रोज सकाळी एक आवळा खात. पौषापर्यंत बरणी अर्ध्यावर आली होती. मी हे कौतुकाने मावशीला सांगत होते. ती ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"मधातला दिला तू त्यास्नी?"

"हो. का?"

"अगं माय! जैनाच्या घरी मध? मधाचं बोट लावत न्हाईत ते लोक जिभंला. माश्यांचा जीव जातो म्हणून."

"खोकल्यालासुद्धा?"

"मरायला टेकलं तरी न्हाई. सुमेधा, त्यांच्या दुकानात कधी मधाची बाटली पाह्यली का तू?"

नव्हती पाहिली. जगातलं सगळं तिथे होतं, फक्त मध नव्हता. 'चूर्ण कशात घेऊ?' असं कुणी विचारलं की मयंक म्हणायचा, कोमट पाण्यात. एकदा एका म्हातारबाबांनी 'मधात चाटवू का?' विचारलं, तेव्हा म्हणाला होता, 'तुमची मर्जी.' चार महिने मी त्याची भुवईसुद्धा पाठ केली होती आणि हे मला दिसलं नव्हतं.

मी पहिल्यापासून भित्री. शाळेत बाईंनी नाव पुकारलं तरी आधी वाटायचं, आपलं काय चुकलं? आता तर खरंच चुकलं होतं. सरळ जाऊन सांगायचं होतं, 'मम्मीजी, मला माहीत नव्हतं.' आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहिलं. दुकानात गेले की भलतंच काहीतरी मागायचे. उद्या सांगू. शनिवारी सांगू. बरणी संपली की आपोआप मिटेल...

आणि अशातच त्याने विचारलं.

"मम्मीला सांगू का?"

माझ्या डोळ्यांपुढे बरणी आली. "काय?"

"की वीसच्या वीस फळं झाली तरी ही पोरगी यायची थांबून न्हाई राह्यली." तो पुडी बांधत होता, पण पुडीत काहीच नव्हतं. "सुमेधा, मी खरंच विचारून राह्यलो. तू असशील तर... मला दुसरं कुणी न्हाई पाह्यजे."

मी काउंटरची कड धरली. "माझ्या घरचं मी बघीन. पण तुझे पापा?"

"पापाचं मम्मी बघती. मम्मी हो म्हणली की पापा पंधरा दिवस बोलत न्हाईत, सोळाव्या दिवशी चहा मागतात. सगळं मम्मीवर आहे." मग त्याने ती रिकामी पुडी बाजूला ठेवली. "तुला... मला काही सांगायचंय का? आधी?"

त्याने ते किती सावकाश विचारलं होतं! आज ऐकू येतं मला. तेव्हा नाही आलं.

"नाही. काय सांगायचं?" मी म्हणाले.

त्याने तराजूचं पारडं उगाच बोटाने हलवलं. "काही न्हाई. रविवारी दुपारी ये. मम्मीशी मी आधी बोलून ठेवतो."

रविवारी राजकुमारीबाई अंगणात दगडाने बेहडे फोडत बसल्या होत्या. साल एका सुपात, बी दुसऱ्यात. मला शेजारी बसवलं. कॉलेजचं विचारलं, आईचं विचारलं, आवळ्यांना यंदा फळ किती हे विचारलं. मग तोच सूर ठेवून, मान वर न करता म्हणाल्या,

"बेटा, तुझा तो आवळा कशात घातलेला असतो? साखरेत... की आणखी कशात?"

आणखी कशात! खरं सांगायला दार उघडं होतं. जणू त्याच ते धरून उभ्या होत्या. पण मला फक्त त्यांच्या हातातला दगड दिसत होता.

"गुळात," मी म्हणाले. "आमच्याकडे गुळातच घालतात."

त्यांचा हात क्षणभर तसाच राहिला. मग बेहडा फुटला. "अच्छा," त्या म्हणाल्या. "चहा घेशील ना?"

चहा दिला. बशीत खारी शेव दिली. निघताना डोक्यावरून हात फिरवला. मी गल्लीतून जवळजवळ नाचत गेले. वाचले बाई! पास झाले!

सोमवारी दुकानात गेले तेव्हा मयंकने गिऱ्हाइकाला आधी वाटेला लावलं. मग पाय रोवून उभा राहिला.

"काल मम्मीला काय म्हणलीस तू?"

"कशाबद्दल?"

"सुमेधा."

माझं नाव इतक्या हळू त्याने कधी घेतलं नव्हतं.

"शनिवारी मीच सांगितलं होतं तिला," तो म्हणाला. "मध आहे म्हणून. लग्नाचं बोलायचं आणि हे झाकायचं, जमेना मला."

"तुला... माहीत होतं?"

"जडीबुटीवाल्याचा पोरगा आहे मी. बरणी उघडली तेव्हाच वास आला. पण मम्मीनं तोवर खाल्ला होता, आणि तू तिच्या तोंडाकडं अशी बघत होतीस... म्हणलं, उद्या सांगू. मंग रोजच उद्या." त्याने मान खाली घातली. "माझं पण तुझ्यासारखंच झालं."

"त्या चिडल्या असतील."

"चिडली असती तर बरं होतं गं. ती म्हणली, पोरीला ठाऊक न्हाई, तिचा काय दोष? मी विचारते, ती सांगल, दोघी हसून टाकू."

"आणि मी गूळ म्हणाले."

"आणि तू गूळ म्हणलीस."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरूच होत नव्हती.

"आता काय म्हणतात?"

"म्हणती, मुलगी चांगली आहे. पण आत्ताच मला एवढी घाबरती, तर जन्मभर या घरात घाबरतच राहील. अशा पोरीला सून म्हणून आणायचं पाप मला नको." त्याने माझ्याकडे पाहिलं. "उद्या दुपारी ये. पापा आडतीवर असतील. मी बी मध्ये न्हाई पडणार. माझ्या आडून बोललीस तर तिला पटणार न्हाई. तू एकटी ये आणि सांग. एक वाक्य तर आहे."

एक वाक्य तर होतं.

मंगळवारी मी गेले. कोपऱ्यावरच्या बांगड्यांच्या दुकानापर्यंत गेले. तिथून अंगणाचं फाटक दिसायचं. राजकुमारीबाई आवळ्याखाली बसल्या होत्या, पुढ्यात सूप, पण हात चालत नव्हते. त्यांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. ऊन त्यांच्या अर्ध्या अंगावर होतं. मी बांगड्या बघत होते. दुकानदार म्हणाला, "ताई, हिरव्या दाखवू?" मी म्हणाले, हो. मग म्हणाले, नको. वाक्य ओठांवर होतं. खोटं बोलल्याचं सांगायचं... खऱ्या चुकीपेक्षा ते कितीतरी जड होतं.

दहा मिनिटांनी मी मागे फिरले. रिक्षातून मेसेज पाठवला, 'कॉलेजात काम निघालं.' उत्तर आलं, 'ठीक.' मग थोड्या वेळाने आणखी एक, 'मम्मी उद्या पण घरीच आहे.'

मी उद्याही गेले नाही. परवाही नाही. मग परीक्षा आली. मग मी हसनाबादला गेले, आणि पुढच्या वैशाखात भोकरदनच्या भागवतशी माझं लग्न झालं. भागवत चांगला माणूस आहे. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त ही गोष्ट त्याची नाही.

आठ वर्षं मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. मावशीकडे आले तरी दुसऱ्या रस्त्याने यायचे.

गेल्या माघात माझी चार वर्षांची अर्पिता खोकत होती. रात्र-रात्र मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजते. भागवत हसतो, पण माझा स्वभाव. आम्ही मावशीकडे होतो. सकाळी बघते तर औषधाची बाटली आडवी, चिकट ओघळ फरशीवर.

"अप्पू, कुणी सांडलं?"

"मांजरीनं."

मावशीकडे मांजर नाही. अप्पूचे दोन्ही हात पाठीमागे होते आणि डोळे माझ्या तोंडावर, माझ्या भुवया कुठे वळतात ते बघत. ते बघणं मी ओळखलं. माझ्याच पोरीने मला घाबरावं?

मी खाली बसले. "मी रागावणार नाही. सांग बरं."

"मीच सांडलं," ती म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी उड्या मारत अंगणात पळाली. झालं. तिच्यापुरतं संपलं. मी कितीतरी वेळ हातात फडकं घेऊन तिथेच.

"डॉक्टरचं दुसरं येईपर्यंत बेहड्याची साल आण, तोंडात धरू दे तिला," मावशी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "कुठं मिळती, ठाऊक आहे तुला."

दुकान तेच. खण तेच. तो काउंटरच्या मागे, आता चष्मा लागलेला, कानशिलांवर थोडं पांढरं.

"या ताई, काय दे –" आणि हात तसाच राहिला. "सुमेधा."

"बेहड्याची साल हवी होती. हिच्यासाठी."

"तुझी?" तो अप्पूकडे वाकला. "नाव काय गं?"

"अर्पिता भागवत. तुमच्या दुकानात घाण वास येतो."

तो मोठ्याने हसला. यावेळी दातही दिसले. "बिलकुल बराबर. आमची मुलगी बी हेच म्हणती. कनिका तिला इकडं खाली येऊच देत न्हाई." म्हणजे बायकोचं नाव कनिका. मी ते मनात एकदा म्हणून पाहिलं. चांगलं होतं.

तो साल निवडत होता. मी आता बोलले नसते तर पुन्हा कधीच बोलले नसते.

"मी आले होते, मयंक. त्या मंगळवारी. कोपऱ्यापर्यंत."

"ठाऊक आहे."

"...कसं?"

"माडीवर होतो मी. बांगड्यावाल्यापाशी उभी होतीस. पिवळा ड्रेस." तो मान खाली घालून सालीतली भुकटी फुंकत होता. "दहा मिनटं."

"मग हाक का नाही मारलीस?"

त्याने साल कागदावर ओतली. "मध्ये पडणार न्हाई म्हणून बसलो होतो ना शब्द देऊन. वाटलं, हाक मारली तर माझ्यासाठी येशील, स्वतःहून न्हाई. वाटलं, आत्ता येईल... आत्ता येईल..." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मारायला पाह्यजे होती. शब्द गेला असता तर गेला असता."

मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. फक्त इतकी वर्षं एकटीने वाहिलेलं ओझं दोघांचं होतं हे कळलं, आणि त्याने ते हलकं न होता उलट जास्तच झालं.

"मम्मी?" मी विचारलं.

"जैन स्थानकात गेली, प्रवचनाला. येईल अर्ध्या तासात." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांबतेस?"

उपयोग काहीच नव्हता. आता कुणाचं काही बदलणार नव्हतं. मावशी वाट बघत असेल, अप्पूला भूक लागली असेल, शंभर कारणं होती. मी अप्पूला स्टुलावर बसवलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

राजकुमारीबाई आल्या तेव्हा गुडघ्यांमुळे एकेक पायरी बसत बसत चढल्या. पांढरी साडी, हातात जपमाळ. मला पाहिलं. डोळे बारीक केले... मयंकसारखेच.

"आवळ्याखालची पोरगी ना तू?"

"हो." आणि मग त्या बसायच्या आतच, एका दमात, "मम्मीजी, तो आवळा गुळातला नव्हता. मधातला होता. आधी मला माहीत नव्हतं. पण तुम्ही विचारलंत तेव्हा माहीत होतं. मी खोटं बोलले."

एवढंसं होतं. मयंक खणांकडे तोंड करून उभा होता. राजकुमारीबाई सावकाश बाकावर टेकल्या, दम खाल्ला, आणि अप्पूला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवायला लागल्या.

"तुला काय वाटलं होतं बेटा? काय होईल?"

"माहीत नाही. काहीतरी फार मोठं."

"मोठं?" त्या हसल्या. थकलेलं, साधं हसू. "एक उपास केला मी. तू येऊन गेलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी. मंगळवारी सकाळी पारणं केलं. मधाचं तिथंच संपलं. मंग अंगणात येऊन बसले, तू येशील म्हणून. बसल्या बसल्या दिवस मावळला. दिवस बुडल्यावर आम्ही जेवत न्हाई, म्हणून त्या संध्याकाळचं जेवण राहून गेलं..." त्यांनी वर पाहिलं. "ते मात्र, बेटा, तुझ्यामुळं."